आडात आहे, पोहऱ्यात नाही: वाढलेल्या पानथरीच्या रुग्णासाठी सीबीसी तपासणी कितपत कामाची?

पानथरी (प्लीहा, स्प्लीन) वाढून रक्तातल्या पेशी कमी व्हायला लागल्या की फाइलमध्ये सगळ्यात जाड गठ्ठा होतो तो सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशींच्या संपूर्ण मोजणीच्या, रिपोर्टांचा. दर तीन महिन्यांनी एक, दाढ काढायच्या आधी एक, एंडोस्कोपीच्या आधी एक, ताप आला तर त्याच दिवशी आणखी एक. इतक्यांदा जी सेवा घ्यावी लागते ती काय देते आणि काय देत नाही, हे एकदा नीट पाहायला हवं. निकाल आधीच सांगून टाकतो. नुसती मोजणी म्हणून या तपासणीला दहापैकी नऊ गुण. स्मिअरसकट, म्हणजे काचपट्टीवर रक्त पसरून डोळ्यांनी बघण्यासकट, घेतली तर एवढ्या थोड्या रक्तात एवढी माहिती देणारं दुसरं काही नाही. पण फक्त आकड्यांचा कागद हातात धरून आजाराचं कारण, रक्तस्रावाचा धोका किंवा पानथरीचा आकार ठरवायला गेलात तर तीनही ठिकाणी फसाल.

याचं मूळ मशीनच्या नजरेत आहे. त्याला दिसतं ते शिरेतून ट्यूबमध्ये आलेलं दोन-तीन मिलिलिटर रक्त. पानथरीत काय साठून राहिलंय ते त्याला दिसत नाही. ‘आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार’ ही म्हण अस्थिमज्जा (हाडांतला रक्तपेशी बनवणारा मगज) आटल्यावर लागू पडते. अतिसक्रिय पानथरीत, म्हणजे हायपरस्प्लेनिझममध्ये, मामला उलटा असतो: आडात भरपूर आहे, पण पोहऱ्यात येत नाही. रिपोर्टवर दोन्हीकडे ‘प्लेटलेट कमी’ एवढंच छापून येतं, आणि उपचार मात्र दोघांचे अगदी वेगळे.

निरोगी प्रौढाची पानथरी साधारण १५० ग्रॅमची. डाव्या फासळ्यांखाली असते, सहसा हाताला लागतही नाही. ७ ते ८ मायक्रॉन व्यासाच्या तांबड्या पेशीला तिच्यातल्या अगदी अरुंद फटींतून अंग चोरून जावं लागतं. जिची लवचिकता गेली ती अडकते आणि तिथल्या भक्षक पेशी तिला गिळतात. प्लेटलेटचं मात्र तसं नाही. शरीरातल्या एकूण प्लेटलेटपैकी साधारण एक तृतीयांश एरवीसुद्धा पानथरीत मुक्कामाला असतात आणि वाहत्या रक्ताशी त्यांची ये-जा चालू असते. पानथरी फार वाढली की हा वाटा ९० टक्क्यांपर्यंत जाऊ शकतो.

हे आकड्यांत मांडून बघा. एखाद्याच्या रक्तात मायक्रोलिटरमागे २,४०,००० प्लेटलेट आहेत आणि तो एकूण साठ्याचा दोन तृतीयांश भाग आहे. म्हणजे सगळा साठा मोकळा वाहिला असता तर मोजणी ३,६०,००० आली असती. आता मज्जा तेवढ्याच प्लेटलेट बनवतेय, त्या जवळपास नेहमीइतक्याच, म्हणजे ७ ते १० दिवस जगतायत, पण पानथरी ८० टक्के अडवून बसली आहे. वाहत्या रक्तात उरल्या २० टक्के: ७२,०००. उत्पादनात एका पेशीचाही फरक नाही, तरी रिपोर्टवर लाल अक्षर. निव्वळ पानथरीमुळे प्लेटलेट उतरलेल्या माणसाच्या अंगावर आकड्याच्या मानाने कमी निळे डाग दिसतात, त्याचं कारण बऱ्याच अंशी हेच.

तांबड्या पेशींचा हिशेब जास्त गुंतागुंतीचा. काही पेशी अडकतात, काही वेळेआधी मारल्या जातात, आणि पानथरी खूप मोठी असेल तर शरीरातला प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला द्रव भाग, वाढल्याने रक्त पातळ होतं. तिसऱ्या कारणाने उतरलेलं हिमोग्लोबिन ही खरी तूट नसते, वरणात पाणी वाढल्यासारखं ते असतं. सीबीसी या तिन्हींत फरक करू शकत नाही. पांढऱ्या पेशींतही प्रामुख्याने न्यूट्रोफिल, म्हणजे जंतूंशी लढणाऱ्या पेशी, कमी होतात.

‘हायपरस्प्लेनिझम’ हा शब्द १९०७ साली शोफार या फ्रेंच वैद्याने वापरला. पुढे रूढ झालेल्या व्याख्येत चार अटी आहेत: पानथरी वाढलेली, एक किंवा अधिक प्रकारच्या पेशी कमी, मज्जा भरलेली आणि काम करणारी, आणि पानथरी काढल्यावर मोजणी सुधारणं. सीबीसी यातली फक्त दुसरी अट सिद्ध करते. निदान एकट्या सीबीसीवर होत नाही, हे व्याख्येतच लिहून ठेवलंय.

आता एक नमुन्याचा रिपोर्ट ओळीने वाचू. हिमोग्लोबिन १०.४, हिमॅटोक्रिट (रक्तातला तांबड्या पेशींचा टक्का) ३१, एमसीव्ही (तांबड्या पेशीचा सरासरी आकार) ८८. पांढऱ्या पेशी २,४००. त्यात न्यूट्रोफिल ६२ टक्के, लिम्फोसाइट २८, मोनोसाइट ७, इओसिनोफिल ३. प्लेटलेट ७२,०००. कागदावर तीन ठिकाणी खूण आहे: हिमोग्लोबिन, एकूण पांढऱ्या पेशी, प्लेटलेट. न्यूट्रोफिलच्या ६२ टक्क्यांपुढे काहीच नाही, कारण टक्केवारी मर्यादेत आहे. पण २,४०० चे ६२ टक्के म्हणजे १,४८८. प्रौढांमध्ये १,५०० च्या खाली न्यूट्रोफिल कमी धरतात, ५०० च्या खाली फार कमी, आणि तिथे ताप आला तर ती तातडीची बाब. म्हणून टक्के वाचूच नका. रिपोर्टवर ‘अॅब्सोल्यूट’ मोजणी छापलेली नसेल तर एकूण पांढऱ्या पेशींना न्यूट्रोफिलच्या टक्क्यांनी, बँड पेशी (न्यूट्रोफिलचं कच्चं रूप) वेगळ्या दिल्या असतील तर त्याही मिळवून, गुणा आणि शंभरने भागा. ही ओळ न छापणाऱ्या रिपोर्टाचा एक गुण आम्ही सरळ कापतो. मशीन हा हिशेब स्वतः करत असतं, छापायचाच काय तो कंटाळा.

आता नमुना घेण्याकडे. सगळ्यात जास्त घोळ इथेच होतात आणि वाढलेल्या पानथरीच्या रुग्णात ते पटकन पकडले जात नाहीत, कारण आकडा कमी येणार हे सगळ्यांनी गृहीतच धरलेलं असतं.

पहिला घोळ गुठळीचा. जांभळ्या झाकणाच्या ट्यूबमध्ये ईडीटीए असतं, ते कॅल्शियम बांधून ठेवतं म्हणून रक्त गोठत नाही. पण रक्त भरल्यावर ट्यूब लगेच ८ ते १० वेळा अलगद उलटी-सुलटी केली नाही तर तळाशी बारीकशी गुठळी होते. ती प्लेटलेट गिळून टाकते, आणि कालपर्यंत ७२,००० असलेला आकडा आज १८,००० दिसतो. शीर बारीक, रक्त थेंबथेंब येतंय, सुई दोनदा हलवली, अशा वेळी हे हमखास होतं. चांगल्या लॅबमध्ये आकडा अचानक पडला की आधी ट्यूब उघडून लाकडी काडी फिरवून बघतात, काडीला जेलीसारखं काही लागलं तर नमुना रद्द करून परत मागवतात. ट्यूब जोरात हलवणं हाही उपाय नव्हे, त्याने पेशी फुटतात.

दुसरा घोळ सलाइनचा, आणि हा फार फसवा. ज्या हाताला सलाइन चालू आहे त्याच हातातून, सुईच्या वरच्या बाजूने रक्त घेतलं तर नमुन्यात पाणी मिसळतं. मग हिमोग्लोबिन, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट तिन्ही एकदम, साधारण सारख्याच प्रमाणात खाली येतात. हुबेहूब हायपरस्प्लेनिझम वाढल्याचं चित्र! चोर सापडतो तो शेजारच्या ट्यूबमध्ये: त्याच वेळी घेतलेल्या नमुन्यात साखर अवाच्या सवा किंवा सोडियम-क्लोराइड भलतंच आलेलं असतं. दुसऱ्या हातातून परत रक्त घेतलं की आजार ‘बरा’ होतो.

तिसरा घोळ ईडीटीएचाच. दर हजारात साधारण एका माणसाच्या प्लेटलेट ईडीटीएमध्ये एकमेकींना चिकटतात. शरीरात त्या सुट्याच असतात, पुंजके होतात ते फक्त ट्यूबमध्ये, आणि जसजसा वेळ जातो तसतसे वाढत जातात. मशीन पुंजका प्लेटलेट म्हणून मोजत नाही, उलट मोठा पुंजका कधी पांढरी पेशी म्हणून मोजतं. उपाय सोपा: निळ्या झाकणाच्या सायट्रेट ट्यूबमध्ये नमुना घेऊन लगेच मोजायचा आणि आलेला आकडा १.१ ने गुणायचा, कारण त्या ट्यूबमध्ये नऊ भाग रक्तात एक भाग द्रव आधीच असतो. सायट्रेटमध्ये १,३०,००० आले तर खरे १,४३,०००. काहींच्या प्लेटलेट सायट्रेटमध्येही चिकटतात, म्हणून स्मिअर बघितल्याशिवाय दोन्हींपैकी कुठल्याच आकड्यावर शिक्का मारू नये. दोन्ही ट्यूब एकाच वेळी भरायच्या तर आधी निळी, मग जांभळी. क्रम उलटा झाला तर ईडीटीएचा अंश सायट्रेटमध्ये जाऊन गोठण्याची तपासणी बिघडू शकते.

बाकी गोष्टी भराभर सांगतो. पट्टा एका मिनिटापेक्षा जास्त बांधून ठेवू नये. ट्यूब खुणेपर्यंत भरावी. अर्धी भरली तर ईडीटीएचं प्रमाण जास्त होऊन तांबड्या पेशी आकसतात. नमुना चार-सहा तासांत मशीनवर जावा आणि स्मिअर त्याहून लवकर काढावी. रात्रभर पडून राहिलेल्या नमुन्यात एमसीव्ही फुगतो आणि पांढऱ्या पेशी विस्कटलेल्या दिसतात. घरून नमुना नेणाऱ्या सेवेत इथेच पाणी मुरतं, तेव्हा ‘रक्त किती वाजता घेतलं आणि मशीनवर किती वाजता गेलं’ या दोन वेळा रिपोर्टवर आहेत का ते बघा. नसतील तर विचारा.

मशीन कसं मोजतं? बहुतेक यंत्रांच्या मुळाशी वॉलेस कूल्टरने १९५३ मध्ये पेटंट घेतलेली पद्धत आहे: विरळ केलेलं रक्त एका सूक्ष्म छिद्रातून जातं, प्रत्येक पेशी जाताना विजेच्या प्रवाहाला क्षणभर अडथळा होतो, आणि अडथळ्याच्या उंचीवरून पेशीचा आकार कळतो. म्हणजे यंत्र पेशी ‘ओळखत’ नाही, आकारावरून वर्गवारी करतं. लहान कण ते प्लेटलेट, मोठे ते तांबड्या पेशी. पानथरी ज्या आजारांत वाढते त्यांपैकी अनेकांत नेमकी ही सीमारेषा पुसली जाते. थॅलेसेमियात, म्हणजे हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारात, तांबड्या पेशी बारीक असतात, तुकडेही फिरत असतात. ते प्लेटलेटच्या रांगेत घुसतात आणि आकडा खोटाच वाढतो. उलट प्लेटलेट नेहमीपेक्षा खूप मोठ्या असतील तर त्या तांबड्या पेशींत जमा होतात आणि आकडा खोटाच घटतो. दोन्ही वेळा यंत्र मूग गिळून बसत नाही. प्लेटलेटच्या आलेखाची उजवी बाजू खाली टेकायच्या ऐवजी हवेत लटकलेली राहते आणि रिपोर्टवर इशारा येतो. दुर्दैवाने अंतिम छपाईत आलेख आणि इशारा दोन्ही अनेकदा गाळले जातात. प्लेटलेटला फ्लोरोसंट रंग देऊन मोजायची सोय असलेली यंत्रं इथे सरस ठरतात. ५०,००० च्या खालचे आकडे वारंवार तपासायचे असतील तर अशी सोय असलेली लॅब निवडावी.

आणखी एक फसवणूक केंद्रक असलेल्या तांबड्या पेशींची. थॅलेसेमिया आणि मायलोफायब्रोसिसमध्ये (मज्जा तंतुमय होत जाण्याचा आजार) त्या रक्तात उतरतात आणि जुनी यंत्रं त्यांना पांढऱ्या पेशी समजतात. स्मिअरवर १०० पांढऱ्या पेशींमागे अशा २० दिसल्या आणि यंत्राने पांढऱ्या पेशी ९,००० दिल्या असतील, तर खरी मोजणी ९,००० गुणिले १०० भागिले १२०, म्हणजे ७,५००. ही दुरुस्ती केली असेल तर रिपोर्टवर तसं लिहिलेलं हवं.

स्मिअर हा या सेवेतला सगळ्यात मोलाचा आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. काचपट्टीवर रक्ताचा पातळ थर पसरून, रंगवून, तेलाच्या भिंगाखाली माणूस डोळ्यांनी बघतो. आधी कडांना आणि शेपटीकडे पुंजके आहेत का ते पाहायचं. मग जिथे पेशी शेजारी-शेजारी पण सुट्या पसरल्या आहेत अशा भागात दहा फील्ड मोजायची. समजा दहा फील्डमध्ये मिळून ४८ प्लेटलेट दिसल्या. सरासरी ४.८, गुणिले १५,००० म्हणजे ७२,०००. यंत्राशी ताळा जमला. काही ठिकाणी २०,००० ने गुणतात, त्यामुळे हा अंदाजच आहे, पण १८,००० आणि ७२,००० मधला गोंधळ सोडवायला तो पुरेसा आहे.

मोजणीपेक्षा मोठं काम आकार बघण्याचं. निव्वळ पानथरीमुळे पेशी कमी असतील तर ज्या दिसतात त्या बहुतांशी साध्यासुध्या असतात. स्मिअर रंगतदार दिसायला लागली की संशय दुसरीकडे वळतो. लक्ष्यासारख्या, मध्ये ठिपका असलेल्या पेशी यकृताच्या आजाराकडे किंवा थॅलेसेमियाकडे बोट दाखवतात. अश्रूच्या थेंबासारख्या पेशी आणि सोबत कच्च्या पेशी असतील तर मायलोफायब्रोसिस. गोळीसारख्या घट्ट गोल पेशी म्हणजे आनुवंशिक स्फेरोसायटोसिस किंवा स्वतःच्याच पेशींवर उलटलेली प्रतिकारशक्ती. फुटक्या शिरस्त्राणासारखे तुकडे आणि कमी प्लेटलेट एकत्र दिसले तर त्याच दिवशी फोन करायची वेळ. ब्लास्ट (मज्जेतल्या अगदी कच्च्या पेशी) दिसले तर ‘पानथरी मोठी आहे म्हणून पेशी कमी’ ही समजूत तिथेच संपली. मलेरियाचा परजीवीही याच काचेवर सापडतो. ‘आरबीसी नॉर्मोसायटिक, डब्ल्यूबीसी रिड्यूस्ड, प्लेटलेट रिड्यूस्ड’ एवढंच लिहिलेली स्मिअर म्हणजे यंत्राचे आकडे शब्दांत उतरवलेले. तशा शेऱ्याला आम्ही स्मिअर म्हणत नाही. पुंजके नाहीत असं स्पष्ट लिहिलंय का, तांबड्या पेशींच्या आकाराबद्दल काही लिहिलंय का, आणि बघणाऱ्याची सही आहे का, या तीन गोष्टी तपासा.

एका रिपोर्टापेक्षा पाच रिपोर्टांची रांग जास्त बोलते. ७२,०००, मग ६६,०००, मग ७४,०००: यात चढ नाही आणि उतारही नाही. शरीराचा रोजचा फरक आणि यंत्राचा फरक मिळून एवढं हलणारच. ६६,००० वर घाबरून आणि ७४,००० वर पेढे वाटून काही साधत नाही. रांग तुलनेची राहावी म्हणून शक्यतो तीच लॅब, तेच यंत्र ठेवा. यकृताच्या आजारात बहुधा आधी प्लेटलेट उतरतात, मग पांढऱ्या पेशी, हिमोग्लोबिन सगळ्यात शेवटी. क्रम उलटा असेल, म्हणजे प्लेटलेट जवळपास ठीक आणि हिमोग्लोबिन एकदम ७, तर पानथरीवर खापर फोडण्याआधी आतड्यातला रक्तस्राव, लोह आणि बी-१२ बघायला हवं.

मोठी पानथरी मोजणी हळूहळू खाली नेते. त्यामुळे आठवड्यात आकडा निम्मा झाला तर कारण बहुधा वेगळं असतं: जंतुसंसर्ग, नवं औषध, हेपारिन (रक्त गोठू न देणारं इंजेक्शन), रक्तस्राव, किंवा वर सांगितलेली गुठळी. फक्त पानथरीच्या बळावर प्लेटलेट २०,००० च्या खाली जाणं विरळा. तिथे दुसरं कारण शोधायचंच. याला एक मोठा अपवाद आहे आणि तो पालकांना माहीत असावा. सिकल सेल असलेल्या लहान मुलाची पानथरी काही तासांत रक्त शोषून फुगू शकते. हिमोग्लोबिन नेहमीपेक्षा २ ग्रॅम किंवा जास्त घसरतं, मूल पांढरंफटक पडतं, पोट डावीकडे ताणतं. तिथे रिपोर्टची वाट बघत घरी बसायचं नाही. अशा मुलांच्या पालकांना पानथरी हाताने चाचपायला शिकवतात ती याचसाठी.

सीबीसीच्या जोडीला काय मागावं? सगळ्यात आधी रेटिक्युलोसाइट, म्हणजे नव्याने बाहेर पडलेल्या तांबड्या पेशी. आड भरलेला आहे की आटलेला, हे याच एका ओळीवरून सगळ्यात स्वस्तात कळतं. कच्ची टक्केवारी न घेता हिमॅटोक्रिटने दुरुस्त करून घ्यावी: वरच्या रिपोर्टातला ३१ चा हिमॅटोक्रिट आणि रेटिक ३ टक्के असेल तर ३ गुणिले ३१ भागिले ४५, म्हणजे साधारण २ टक्के. मज्जा उत्तर देतेय असं म्हणता येतं. हाच आकडा अर्ध्या टक्क्यावर आला तर मज्जा गप्प आहे, मग तिथे दारू, फोलेटची कमतरता, औषधं किंवा मज्जेचाच आजार हे बघावं लागेल. त्यानंतर बिलिरुबिन, एलडीएच (पेशी फुटल्याची खूण), कूम्ब्स (तांबड्या पेशींवरच्या प्रतिपिंडांची तपासणी), बी-१२, फोलेट, फेरिटिन, यकृताच्या तपासण्या, पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) आणि डॉपलरसह, म्हणजे रक्तप्रवाह दाखवणारी, सोनोग्राफी. पानथरीची लांबी प्रौढांत १२-१३ सेंटिमीटरच्या वर असेल तर वाढलेली धरतात. पण १४ सेंटिमीटरच्या पानथरीला प्लेटलेट ५०,००० आणि २० सेंटिमीटरच्या पानथरीला १,२०,००० असंही दिसतं, कारण यकृत बिघडलं की मज्जेला प्लेटलेट बनवायचा निरोप देणारं थ्रोम्बोपोएटिनही कमी पडतं. सिऱ्होसिसमधला (यकृत व्रणांनी कडक होण्याच्या आजारातला) कमी आकडा अर्धा पानथरीचा आणि अर्धा यकृताचा असू शकतो. कारण सरळ समजत असेल तर मज्जेची सुई टोचायची गरज बहुतेकदा पडत नाही. स्मिअर विचित्र असेल, ताप-वजन घटणं असेल किंवा आकडे पानथरीच्या मानाने फारच खाली असतील तर पडते.

एका जागी सीबीसी अपेक्षेपेक्षा जास्त देते. भरपाई टिकून असलेल्या यकृताच्या जुनाट आजारात प्लेटलेट १,५०,००० च्या वर आणि फायब्रोस्कॅनचा (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीचा) आकडा २० किलोपास्कलच्या खाली असेल, तर अन्ननलिकेत धोकादायक फुगलेल्या शिरा असण्याची शक्यता इतकी कमी असते की तपासणीची एंडोस्कोपी टाळता येते. यकृततज्ज्ञांच्या २०१५ च्या बावेनो परिषदेतली ही शिफारस आहे. सीबीसीतल्या एका ओळीमुळे घशातून नळी घालणं वाचत असेल तर सेवा म्हणून तिचं कौतुक करायलाच हवं.

शस्त्रक्रियेआधीच्या आकड्याबद्दल मात्र थोडं थांबा. बहुतेक मोठ्या शस्त्रक्रियांना ५०,००० आणि मेंदू किंवा डोळ्याच्या मागच्या भागासाठी १,००,००० ही ढोबळ रेषा धरतात. आकडा खाली म्हणून प्लेटलेटची पिशवी चढवली तरी तिच्यातला मोठा वाटा पानथरी आपल्याकडे ओढते आणि तासाभराने केलेल्या सीबीसीत वाढ नगण्य दिसते. पिशवी वाया गेली असं नाही, पण नुसता आकडा सजवायला ती चढवण्यात अर्थ नाही. गरज असेलच तर प्रक्रियेच्या अगदी आधी द्यावी. यकृताच्या रुग्णांसाठी अॅव्हाट्रोम्बोपॅग आणि लुसुट्रोम्बोपॅग ही गोळ्यांची सोय २०१८ पासून आहे: पहिली ५ दिवस, दुसरी ७ दिवस, आणि परिणाम यायला दिवस लागतात म्हणून प्रक्रियेची तारीख त्यानुसार आखावी लागते. पोर्टल शिरेत (आतडी-पानथरीकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेत) गुठळी होण्याचा धोका बघूनच डॉक्टर त्या देतात. आणि तोवर अंगदुखीला अॅस्पिरिन किंवा आयबुप्रोफेन स्वतःच्या मनाने नको: असलेल्या थोड्या प्लेटलेटही त्याने निकामी होतात.

उपचारांनंतर या तपासणीचा कस लागतो. मलेरिया किंवा काळा आजार हे कारण असेल तर त्यावरच्या उपचाराने पानथरी उतरते आणि मोजणी आपसूक वर येते, पानथरीला हात लावावा लागत नाही. पानथरीची धमनी अंशतः बंद करण्याच्या प्रक्रियेत साधारण ५० ते ७० टक्के भागाचा रक्तपुरवठा तोडतात. पुढचे काही दिवस ताप, डाव्या कुशीत दुखणं, आणि प्लेटलेट त्यानंतर चढतात. अशा वेळी वाढलेल्या पांढऱ्या पेशी सूज म्हणून की पानथरीत पू झाला म्हणून, हे सीबीसी सांगत नाही. ताप उतरायचं नाव घेत नसेल तर स्कॅन लागतो. पानथरी पूर्ण काढली तर प्लेटलेट काही दिवसांत उसळतात, एक ते तीन आठवड्यांत शिखर गाठतात, कधी १०,००,००० च्याही पुढे जातात. ‘एकदाचे वाढले’ म्हणून निर्धास्त व्हायची ही वेळ नव्हे, पोर्टल शिरेत गुठळी याच काळात होते. पोटात नवं दुखणं सुरू झालं तर डॉपलर करून घ्या. न्यूमोकोकस, मेनिंगोकोकस आणि हिबच्या लसी शस्त्रक्रियेच्या किमान दोन आठवडे आधी घेतलेल्या असाव्यात, आणि नंतर जन्मभर कुठल्याही तापाला ‘उद्या बघू’ नाही.

पानथरी काढल्यावर स्मिअरमध्ये एक खूण कायमची दिसायला लागते: काही तांबड्या पेशींत जांभळा, टाचणीच्या टोकाएवढा गोल ठिपका. हे हॉवेल-जॉली कण, केंद्रकाचे उरलेसुरले तुकडे. एरवी पानथरी ते वेचून काढते. काही वर्षांनी मोजणी पुन्हा उतरायला लागली तर सीबीसीच्या फॉर्मवर हाताने एक ओळ लिहा: ‘पानथरी काढलेली आहे, हॉवेल-जॉली कण आहेत का ते कळवावे.’ आधी दिसणारे कण आता दिसत नसतील, तर पोटात कुठेतरी राहून गेलेली छोटी उपपानथरी वाढून कामाला लागली असण्याची शक्यता आहे. अशी उपपानथरी दहातल्या एक-दोन माणसांत जन्मतःच असते. यंत्राच्या आकड्यांत ही गोष्ट कुठेच येत नाही. काच बघणाऱ्याला काय शोधायचं ते माहीत असेल तरच ती सापडते, म्हणून ती ओळ लिहायची.